मालकाचं नाव

ऑफिसचा सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलीकडे अपघातात गेलेल्या मैत्रिणीचे वडील आले होते. “लेकीच्या कामावर नाव असेल ना? फोटो काढून तिच्या आईला दाखवतो,” म्हणत त्यांनी फोन सरसावला. मुलीने मैत्रिणीने लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या फाइलींची यादी उघडली. अपघातानंतर मैत्रिणीचं खातं मुलीनेच सर्व्हरवरून काढून टाकलं होतं. त्या खात्याचा क्रमांक नव्या माणसाला मिळाला होता. सर्व्हर फाइलीच्या मालकाला क्रमांकावरूनच ओळखतो, त्यामुळे प्रत्येक फाइलीपुढे त्या नव्या माणसाचंच नाव होतं. “हा कोण गं?” काकांनी विचारलं. “आत्ता बदलते, काका.” सगळे अधिकार तिच्याकडेच होते. तिने मालकी मैत्रिणीच्या नावावर करायची आज्ञा दिली. पडद्यावर उत्तर उमटलं. काकांनी चष्मा सावरून वाचलं, “या नावाचं कोणीही नाही.” फोन खिशात गेला. “तुमच्या मशीनला पटलं,” ते म्हणाले, “तिच्या आईला अजून पटत नाही.”