अनोळखी यंत्र

नाशिकच्या नियंत्रण कक्षात निशिगंधाच्या पडद्यावर तीच लाल ओळ पुन्हा उमटली. डोंगरातल्या एका टॉवरवरून कुठलंतरी अनोळखी यंत्र सारखं माहिती पाठवत होतं. यादीत त्याची नोंद नव्हती, म्हणून नेटवर्क त्याची डेटाची पाकिटं दारातच अडवत होतं. दहा मिनिटांत सदतीस वेळा.

“ब्लॉक करून टाक कायमचं,” शेजारच्या टेबलावरून साहेब म्हणाले.

निशिगंधानं आधी पाकिटं कुठे निघालीत ते पाहिलं. सगळी जिल्हा रुग्णालयाकडे. तिनं टॉवरजवळच्या आरोग्य उपकेंद्राला फोन लावला.

“ताई, जुनं ईसीजी मशीन बिघडलं, म्हणून आजच नवं जोडलंय,” नर्स मंजुळा वळवी घाईघाईनं म्हणाली. “इथे एका बाबांच्या छातीत कळा येतायत आणि आलेख डॉक्टरांकडे जातच नाहीये!”

“मशीनच्या मागचा नंबर वाचा.”

मंजुळानं एकेक आकडा वाचला. निशिगंधानं तो पडद्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला आणि त्या यंत्राला फक्त रुग्णालयापर्यंतची परवानगी दिली. पुढचं पाकीट सुटलं. थोड्याच वेळात फोनमधून ऐकू आलं, “बाबा, डॉक्टरांना दिसलं तुमचं हृदय! ही गोळी घ्या, गाडी येतेय.”

संध्याकाळी मंजुळाचा फोन आला. “बाबा पोचले रुग्णालयात, ताई! वेळेत आणलंत म्हणाले डॉक्टर. बाबा गाडीतून चालत उतरायला निघाले, तर डॉक्टर ओरडले त्यांच्यावर!”

निशिगंधा मोठ्यानं हसली. साहेब खुर्चीमागे येऊन उभे होते.

“कसे आहेत?”

“हट्टी आहेत,” ती म्हणाली.