चौऱ्याऐंशी पैकी चौऱ्याऐंशी

"चौऱ्याऐंशी रुग्ण, सहा महिने आणि मृत्यू एकही नाही," विभागप्रमुख म्हणाले आणि त्यांनी पडद्यावरच्या शून्यावर बोट ठेवलं.

निधी देणाऱ्या संस्थेच्या दोघीजणी समोर बसल्या होत्या. एक भराभर टिपणं घेत होती. दुसरी, पांढऱ्या केसांची, नुसती ऐकत होती. विभागातले बाकीचे प्राध्यापक भिंतीलगत ओळीनं बसलेले. दाराशी फायली छातीशी धरून एमडीच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी उभी होती. अंगानं बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. कमजोर हृदयाच्या रुग्णांना नवी गोळी देऊन पाहण्याचा हा अभ्यास कागदोपत्री विभागप्रमुखांचा, म्हणजे सरांचा होता. रुग्णांच्या घरी खेटे घातले होते टाचणीनं.

शून्य पाहून तिची कानशिलं तापली. कालच तिनं सरांच्या हातात यादी दिली होती. सात जण गेले होते. सरांनी ती न वाचताच टेबलावर पालथी ठेवली होती.

"मृत्यूचे दाखले आहेत तुझ्याकडे?"

"चौघांचे आहेत, सर. बाकीच्या तिघांच्या घरी मी स्वतः..."

"म्हणजे तिघांचे नाहीत. हे बघ, निधीचा पुढचा हप्ता उद्याच्या बैठकीवर अडलाय. गोळी चांगली आहे, माणसंच मुळात थकलेली होती. सगळ्यांना 'प्रकृती स्थिर' टाक." आणि मग अगदी मायेनं म्हणाले होते, "प्रबंधावर सही माझीच लागते ना, बाळा?"

तिनं टाकलं नव्हतं. मग कुणीतरी टाकलं होतं.

शिपाई दार किलकिलं करून कुजबुजला, "मॅडम, पेशंटच्या घरच्या बाई आल्यात. मघापासून बसल्यात. गोळ्या परत करायच्यात म्हणे."

बाहेर बाकावर घड्याळजींची बायको बसली होती. अभ्यासातला क्रमांक एकोणतीस म्हणजे घड्याळजी; मिनिटामिनिटाची नोंद ठेवत, म्हणून टाचणीनं त्यांना हे नाव पाडलं होतं. ते जाऊन पाच आठवडे झाले होते, पण कार्डावर आजची तारीख होती, म्हणून मावशी तारखेला आल्या होत्या. मांडीवर उरलेल्या गोळ्यांची डबी आणि रोजची नोंदवही.

"वाया जायला नकोत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला तरी लागतील."

टाचणीनं डबीकडे पाहिलं, मग बंद दाराकडे. सही, परीक्षा, घरी तिच्या पदवीचे दिवस मोजत बसलेले आईबाबा, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. तिनं मावशींचा दंड धरला.

"चला मावशी. आतच द्या."

सरांचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

"क्रमांक एकोणतीसच्या घरच्या आहेत," टाचणी म्हणाली. "पडद्यावर त्यांची प्रकृती स्थिर आहे."

"कुणाची?" मावशी गोंधळल्या. "अहो, पाच आठवडे झाले त्यांना जाऊन."

मग सर हसले. छान, समजूतदार हसले.

"कारकुनी चूक. फॉर्म विद्यार्थी भरतात हो. कामाचा ताण, झोपेचा पत्ता नाही, होतं असं. या मुलीवर मी योग्य ती कारवाई करतो."

टाचणीला वाटलं, कुणीतरी आपल्या तोंडावर फाडकन मारलंय. तिनं भिंतीलगतच्या ओळीकडे पाहिलं. खरं काय ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकानं चष्मा काढला आणि तो पुसतच बसला.

कारवाई हा शब्द मावशींना मात्र बरोबर कळला.

"हिच्यावर? हे गेले तेव्हा ही पोर आमच्या घरी होती. त्यांचा हात हिच्या हातात होता." त्यांनी सरांना नीट न्याहाळलं. "तुम्ही कोण? तुम्हाला तर मी आज पहिल्यांदाच बघतेय."

मावशींनी वही नेऊन पांढऱ्या केसांच्या बाईंपुढं ठेवली.

सुरुवातीची पानं घड्याळजींच्या बारीक, मोत्यासारख्या अक्षरात होती. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं, वजन इतकं. जिन्याच्या नवव्या पायरीवर दम लागला. पुढं सहाव्या पायरीवर. पुढं जिनाच नव्हता. शेवटची नऊ पानं मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरात होती. *आज वजन केलं नाही. उभं राहवेना. पाय सुजलेत. पाठीशी तीन उशा दिल्या. वही अर्धवट ठेवू नको म्हणाले, डॉक्टरबाईंना लागेल.*

बाईंनी सगळं वाचलं. घाई केली नाही. मग मान वर करून त्यांनी टाचणीला विचारलं, सरांना नाही.

"असे किती?"

"सात."

"मॅडम, तिला अजून अनुभव नाही," सर मध्येच म्हणाले, "आपण नंतर माझ्या केबिनमध्ये बसून..."

"यादी आहे?"

टाचणीनं फायलीतून आपली प्रत काढली. सात नावं, सात पत्ते, सात फोन नंबर. बाईंनी टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला आणि यादीतलं घड्याळजींच्या खालचं नाव पाहून नंबर लावला. पलीकडची रिंग भिंतीपर्यंत ऐकू येत होती. मग कुणीतरी उचलला.

"हॅलो?" पलीकडून एका बाईचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

पांढऱ्या केसांच्या बाईंनी रिसीव्हर विभागप्रमुखांच्या तोंडासमोर धरला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "विचारा, प्रकृती कशी आहे."