लग्नातला पाटा

नीलम्मा चटणी वाटत होती त्या पाट्यात हिरव्या रेघा होत्या. तांबं शोधत फिरणाऱ्या भूवैज्ञानिक तनुजाने त्यावर भिंग धरलं. दगडातलं तांबं हवापाण्याने हिरवं पडतं, आणि त्याच्यासोबत कधीकधी सोनंही सापडतं, असं तिने समजावलं. “पण इथे निलंग्यात खडक काळा असतो. हा गुलाबी दगड बाहेरचा आहे. काका, कुठून आणलात?” तिने नीलम्माच्या सासऱ्यांना विचारलं. नीलम्माचा हात थांबला. पाटा तिच्या लग्नात माहेराहून आला होता, मुखेडजवळ भावाच्या शेतातल्या दगडाचा. गाव कळलं की खोदाई तिथेच होणार आणि शेत जाणार. “बाजारातून,” सासरे गुरुपादप्पा म्हणाले. “कुठल्या गावचा दगड?” “पाट्याचं गाव कोण इचारतंय ताई? चहा घ्या.” तनुजाची जीप गेल्यावर ते सुनेकडे वळले. “सोन्याचा पाटा दिला की तुझ्या बापानं! आता भावाला फोन लाव. बांधावरचे हिरवे दगड इहिरीत टाक म्हणावं.”