मामाचा चहा

किर्गिझस्तानातल्या नारीन शहरात राहणाऱ्या बुरुलने संगणकातल्या वाद्याला फक्त स्वतःचं कोमुझवादन, म्हणजे तिथल्या तीनतारी वाद्याचं वादन, शिकवलं होतं. ती तारा छेडायची, ते आपल्या मनाने पुढचे सूर जोडायचं.

आज दुपारी त्याने गतीच्या मधेच लाकडावर अंगठी आपटल्यासारखं दोनदा टकटक केलं.

"तुझा मामा आला बघ," आई म्हणाली. वाजवताना चहा हवा असला की तो असंच करायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्याचं वादन कुणी कधी टिपलंच नव्हतं.

"काठोकाठ भरू नकोस गं, भरलेला प्याला म्हणजे 'निघा आता' असं वाटेल त्याला," बुरुल म्हणाली.

आईने अर्धाच प्याला भरून संगणकापुढे ठेवला. मग तिघांची मैफल अशी रंगली, की बुरुलच्या डोळ्यांत हसता हसता पाणी आलं.

शेवटच्या सुरावर पुन्हा टकटक झालं.

आईने हसतच किटली उचलली. प्याला रिकामा होता.