पोल्काची खोली

मूस अजून मेला नव्हता. त्या घोड्याहून उंच, रानटी सांबराचं धूड ट्रकच्या फुटलेल्या काचेतून आत घुसलं होतं आणि मागचे पाय बॉनेटवर आपटत होते. प्रत्येक लाथेसरशी पत्रा वाजत होता. ट्रक खडीच्या रस्त्यालगतच्या चरात तिरका पडला होता. ओरेस्टचे दोन्ही पाय स्टिअरिंगखाली चेपले होते. मुसाचं शिंग त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर हलत होतं.

दुसऱ्या बाजूचं दार उखडून गेलं होतं. तिथे बसलेली त्याची बायको व्हर्ना बाहेर फेकली गेली होती. गहू नुकताच कापलेला होता. ती धसकटांत उताणी पडली होती आणि तिच्या मांडीतून रक्त उसळत होतं.

तिच्या अंगावर चारही पाय रोवून पोल्का उभी होती. ती व्हर्नाची कुत्री, मेंढ्या राखणाऱ्या जातीची, वासराएवढी.

मागून येणाऱ्या लाइलने फोनवरून रुग्णवाहिका मागवली आणि गाडी रस्त्यात सोडून तो पळत आला. तो शेजारच्या शेतावरचा, गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक. वाहतं रक्त कसं बांधायचं हे त्याला माहीत होतं. धावता धावताच त्याने कमरेचा पट्टा काढला आणि व्हर्नाजवळ वाकला. पोल्काने त्याच्या मनगटात दात रुतवले आणि मान झटकली. लाइल ओरडत मागे पडला. मनगटाचं मांस उघडं पडलं होतं, आत पांढरं दिसत होतं.

"अगं पोल्का, मी आहे. मी लाइल."

पिल्लू होती तेव्हापासून ती त्याला ओळखत होती. आज ती कुणालाच ओळखत नव्हती. ती पुन्हा त्याच्या अंगावर गेली, पँट फाडली आणि परत व्हर्नावर येऊन उभी राहिली.

लाइलने गाडीतून बंदूक आणली. आधी तो ट्रककडे गेला. मुसाच्या कानामागे नळी टेकवून त्याने चाप ओढला. मुसाचं रक्त ओरेस्टच्या चेहऱ्यावर उडालं. बॉनेटवरचे पाय दोनदा ताठ झाले आणि थांबले.

त्या आवाजाने पोल्का आणखीच चवताळली. तिच्या जबड्यातून फेस गळून व्हर्नाच्या कोटावर पडू लागला. लाइलने बंदूक तिच्याकडे वळवली.

"नको," ओरेस्ट म्हणाला.

"मग व्हर्ना मरेल. बघतोयस ना किती रक्त जातंय ते?"

"तुझा हात बघ कसा फाटलाय. गोळी व्हर्नालाच लागायची."

"मग तू हाक मार कुत्रीला."

"माझं कधी ऐकलंय तिनं?" तरी ओरेस्टने हाक मारली. पोल्काचा एक कान हलला. ती जागची हलली नाही.

"मागे पिंजरा आहे," ओरेस्ट म्हणाला. "तो आण."

"ती माणसं फाडतेय आणि तू पिंजरा मागतोस?"

"सकाळी कॉफीला बसलो तेव्हा हसलात ना सगळे? कुत्री आहे का कैदी, म्हणून? तुमच्या हसण्यापायी मी तिला बाहेर काढून पुढे बसवली. तोच पिंजरा. आण म्हणतो ना."

लाइल ट्रकमागे गेला. ट्रकच्या मागच्या भागात पिंजरा पट्ट्यांनी आवळलेला होता. एवढ्या धडकेत तो तसूभरही सरकला नव्हता. आतली घोंगडी होती तशी होती. त्याने चाकूने पट्टे कापले, एका हाताने पिंजरा ओढत धसकटांत आणला, दार उघडलं आणि तो मागे सरला.

"आता?"

"आता व्हर्नानंच सांगायला पाहिजे." ओरेस्टने मान वळवता येईल तेवढी वळवली. "व्हर्ना. ऐकतेयस ना? तिला आत घाल."

व्हर्नाचे डोळे उघडे होते. ओठ हलले, आवाज आला नाही. पोल्का गुरगुरत होती. व्हर्नाने पुन्हा ओठ हलवले.

"खोलीत, पोरी."

घरी ती त्याला पिंजरा म्हणतच नसे.

गुरगुर थांबली. पोल्काने खाली वाकून व्हर्नाच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिच्यावरून पाय उचलून ती बाजूला झाली, मान खाली घालून पिंजऱ्यापाशी गेली, आत शिरली, वळली आणि बसली. लाइलने लाथेने दार ढकललं. कडी पडली.

तो धावत व्हर्नापाशी आला. एक हात कामाचा नव्हता, म्हणून पट्टा दातांत धरून त्याने मांडीवर आवळला आणि वरून गुडघा दाबून धरला.

"माझ्याकडे बघ, व्हर्ना. झोपायचं नाही. आता रुग्णवाहिका येईल, तोवर बोलत राहा. शिव्या दे मला. दे ना."

रक्ताचा जोर ओसरला. लाइलने सुटकेचा निःश्वास टाकला. मग नाडी बघायला त्याने दोन बोटं तिच्या गळ्याला लावली. जरा थांबून ती काढली, जबड्याखाली लावली, परत गळ्याला लावली.

"थांबलं का रक्त?" ओरेस्टने ट्रकमधून विचारलं. त्याला तिथून फक्त लाइलची पाठ दिसत होती.

"थांबलं," लाइल म्हणाला. तो उठला नाही.

पिंजऱ्यात पोल्का ताठ बसली होती. सांगितल्यासरशी आत गेलं की व्हर्नाचा हात गजांतून आत यायचा आणि तळव्यावर सुक्या मांसाचा तुकडा असायचा. तिने नाक गजांना लावलं होतं. तिची शेपटी हळूहळू घोंगडीवर आपटत होती.