कानात सांगायचं नाव

नरसक्का गडचिरोलीहून लग्न होऊन हडपसरला आली. नणंद कुसुम तिला मुद्दाम ‘नर्सबाई’ म्हणायची.

“अहो वन्सं, नीट म्हणा ना,” ती विनवायची.

“आमच्याकडं माणसांना असली नावं ठेवत नाहीत,” कुसुम हसायची.

बाळंतपणात नरसक्का गेली.

सव्वा महिन्यानं मुलीचं बारसं केलं. आत्या म्हणून कुसुम पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात ‘तनया’ सांगायचं होतं. तोंडातून स्वच्छ निघालं, “नरसक्का.”

कुसुमनं पुन्हा सांगून पाहिलं, तरी तेच नाव आलं. घाबरून तिनं भावाला, श्यामसुंदरला, हाक मारली. “नरसक्का!”

तो पांढराफटक पडला. कुसुमनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

“जमलं, वन्सं,” पाळण्यातून बाळ म्हणालं. “आता थांबायचं नाही.”