बसल्या जागी चालणं

खुर्चीत बसून नुसते हात झुलवले की आभासी जगात अगदी खरं वाटेल असं चालता यावं, यासाठी ती दोन वर्षं संशोधनात स्वतःला गाडून घेऊन बसली होती. पण ज्याने ज्याने ते जग दाखवणारा तिचा चष्मा लावला, त्याला पाच मिनिटांत गरगरायला लागलं. आज जमलं नाही तर गाशा गुंडाळा, असं वरिष्ठांनी सांगून टाकलं होतं.

शेवटी तिने वडिलांनाच चाकाच्या खुर्चीसकट प्रयोगशाळेत आणलं. जिन्यावरून पडल्यापासून दीड वर्षं त्यांनी जमिनीला पाय लावला नव्हता. हाड कधीच जुळलं होतं. धसका गेला नव्हता.

त्यांना चष्मा चढवून ती पाठमोरी संगणकापुढे बसली.

“चाला, बाबा.”

“चालतोय की!”

पडद्यावरचे बाबा मात्र जागचे हलेनात. तिला रडू फुटलं.

“कुठे चालताय? सगळं संपलं हो माझं! हात हलवा ना, बाबा!”



मागून, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, “अगं, हात कसे हलवू? भिंत धरून चालतोय ना मी!”